दहावा डोस

मी लशीची पेटी बोलतेय. निळं अंग, पांढरं झाकण, खांद्याला अडकवायला काळा पट्टा. आरोग्य केंद्रात मला 'कॅरिअर' म्हणतात, पण ते नाव मला कधी आपलं वाटलं नाही. एकदा एका आजोबांनी मला बघून सिस्टरना विचारलं होतं, "आइस्क्रीम आहे का गं त्यात?" सिस्टर म्हणाल्या, "आहे ना आजोबा, पण ते टोचून द्यावं लागतं." आजोबा त्या दिवशी परत त्या गल्लीत फिरकले नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकच्या दोन भिंती उभ्या केल्या, मधल्या पोकळीत फेस ओतला, तो फुगून घट्ट झाला आणि मला अंग आलं. मग एका तापलेल्या खोलीत ठेवून माझ्या पोटातला बर्फ किती वेळ टिकतो ते पाहिलं. दीड दिवस टिकला. तपासणारा म्हणाला, "पास." माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

केंद्रात आल्यापासून मी एकाच बाईंच्या खांद्यावर राहिले. सगळे त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, चाल भरभर. रोज सकाळी त्या बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवत आणि थोडे घामेजले की एकेक कानाशी नेऊन हलवत. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच चार बाजूंनी चार पॅक माझ्या पोटात उभे करत. फार थंडीनेही लस मरते, असं त्या नव्या मुलींना सांगत. मधल्या जागेत लशीच्या कुप्या, वर स्पंजची गादी. गादीला चिरा असतात. उघडलेली कुपी त्या चिरेत खोचून ठेवायची.

अशी आम्ही दोघी बारा वर्षं हिंडलो. तान्ह्या बाळांचं रडणं ऐकून ऐकून मला रडण्यातला फरक कळायला लागला होता. सुई टोचल्याचं रडणं वेगळं, भुकेचं वेगळं. काम मोठं होतं, पण दमवणारं नव्हतं. संध्याकाळी सिस्टर मला धुऊन, पुसून, झाकण उघडं ठेवून वाळत घालत आणि स्कूटरला किक मारून घरी जात.

मग साथ आली. आधी रस्ते रिकामे झाले, मग शाळेला कुलूप लागलं.

शाळा केंद्रापासून दोन चौक पुढे. पहिल्या वर्षी मी तिच्यावरून नुसती जात असे. दुसऱ्या वर्षी मोठ्यांसाठी लस आली, केंद्रात गर्दी मावेना, तेव्हा शाळेचा हॉल आम्हाला मिळाला. त्या दिवशी आत गेले तर फळ्यावर साथीच्या आधीची तारीख तशीच. बाकांवर धूळ. एका खिडकीच्या कडेला कुणाचा तरी पट्टीचा अर्धा तुकडा. लस घ्यायला आलेली माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसत आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर कोरलेली नावं वाचत.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्या रोज येत. शाळा बंद असली तरी नऊ वाजता येऊन आपल्या खोलीत बसत, एकेका घरी फोन लावत. शाळेच्या मागे दोन खोल्यांत शिपाई राहत. त्यांना सगळे 'काका' म्हणत. तीस वर्षं त्याच शाळेत. त्यांची बायको, काकू, शाळेत पाणी भरायची, वर्ग झाडायची. शाळा बंद झाल्यावर पाणी प्यायला कोणी नव्हतं, तरी काकू आठवड्यातून एकदा टाकी घासायच्या.

"कुणासाठी घासता?" सिस्टरनी एकदा विचारलं.

"येतील की कधीतरी. तेव्हा घाईघाईत घासायची का?" काकू म्हणाल्या.

आता तो दिवस सांगते. सांगावासा वाटत नाही, पण तो टाळला तर माझं आयुष्य सांगण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा लशीचा तुटवडा होता. केंद्रात मोजून कुप्या यायच्या. एका कुपीत दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकून द्यायची. लोक पहाटेपासून रांगेत आणि निम्मे हात हलवत परत. अशा वेळी एक डोस फेकायचा म्हणजे सिस्टरच्या जिवावर यायचं. त्या कुपीच्या कागदावर पेनने उघडल्याची वेळ लिहीत आणि दर थोड्या वेळाने घड्याळ बघत.

त्या दिवशी शेवटची कुपी माझ्या गादीत खोचलेली होती. नऊ डोस दिले गेले, दहावा उरला. रांग संपली होती. चार तास भरायला वीसेक मिनिटं होती. सिस्टर सकाळपासून उठल्या नव्हत्या. घामाने त्यांच्या हातमोज्यांच्या आत बोटं सुरकुतली होती. त्यांनी बसल्या जागेवरूनच हाक मारली, "काका, काकूंचा डोस राहिलाय ना? पाठवा त्यांना, एक उरलाय."

काकू पाच मिनिटांत आल्या. ओले हात पुसत बाकावर बसल्या. बाही वर करताना म्हणाल्या, "सिस्टर, सकाळपासून घसा जरा धरलाय हो. चालेल ना?"

सिस्टरचा हात क्षणभर थांबला. एवढंच. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कुपीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "धुळीने होतं. चालेल."

सुई टोचली. मग त्या दिवसभर दोनशे वेळा म्हटलेलं वाक्य त्यांनी दोनशे एकाव्या वेळी म्हटलं. "रात्री ताप येईल, अंग दुखेल. घाबरायचं नाही. लशीचाच असतो, दोन दिवसांत उतरतो."

ताप आला. घरात कोणी घाबरलं नाही, कारण घाबरायचं नाही असं सांगितलं होतं. दोन दिवसांनी उतरला नाही, तेव्हा काकूच म्हणाल्या की अजून एक दिवस बघू. चौथ्या दिवशी त्यांना वाक्य पुरं करताना धाप लागायला लागली. काकांनी मोठ्या बाईंना फोन केला, बाईंनी गाडी मिळवली. दवाखान्यात तपासल्यावर कळलं की तो लशीचा ताप नव्हताच. तोच आजार होता आणि लस घेतली त्याच्या आधीपासून अंगात होता. नवव्या दिवशी काकू गेल्या.

हे सगळं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. काही डॉक्टरांच्या तोंडून, काही रांगेत. पण रांगेत ऐकलं ते वेगळंच होतं. "धडधाकट बाई. लस घेतली आणि आठवड्यात गेली." दुसऱ्या दिवशी तेच वाक्य 'लस घेतली आणि तीन दिवसांत गेली' झालं. पुढच्या आठवड्यात कुप्या भरपूर आल्या आणि माणसं आली नाहीत. हॉलमध्ये बाकांवर परत धूळ बसायला लागली. ज्या डोसासाठी आम्ही जीव टाकत होतो, तसे सात-आठ डोस रोज फेकले जायला लागले.

 संध्याकाळी मला धुताना सिस्टरचा हात मधेच थांबायचा आणि नळाचं पाणी माझ्यावर तसंच वाहत राहायचं.

चार महिने असे गेले. मग शाळा उघडायचं पत्र आलं. अट एकच होती. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने लस घेतलेली हवी आणि पालकांनी लेखी संमती द्यायला हवी. शाळेत अकरा माणसं होती. दहा जणांनी घेतली. अकरावे काका.

आणि प्रश्न फक्त काकांचा नव्हता. पालक म्हणायचे, "काका घेत नाहीत, म्हणजे काहीतरी असेलच की. त्यांच्या घरात घडलंय." अर्ध्या संमतीपत्रांवर सह्याच नव्हत्या.

मोठ्या बाई केंद्रात आल्या आणि डॉक्टरांसमोर खुर्चीत बसल्या. मी टेबलाखालीच होते. त्या म्हणाल्या, "दुसरीतल्या पोरांनी शाळेचा दरवाजा पाहिलेला नाही, डॉक्टर. चौथीतली वाचायला विसरलीत. मी काल एकीला फोनवर धडा वाचायला सांगितला, तर ती रडायलाच लागली. आठवीतल्या सहा मुलींचे फोन लागत नाहीत. मी आता कुणाकुणाला धरून ठेवू?"

डॉक्टर म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी."

ते गेले, सिस्टर गेल्या, सिस्टरच्या खांद्यावर मी गेले. डॉक्टरांनी आकडे सांगितले. किती लाख लोकांनी लस घेतली, त्यात किती जणांना आजार झाला, किती जणांना दवाखाना लागला. आकडे खरे होते. काका खाली बसून एका बाकाचे ढिले स्क्रू आवळत होते. शाळा उघडणार म्हणून त्यांनी सगळे बाक अंगणात काढून एकेक दुरुस्त करायला घेतले होते. लस घ्यायची नाही, पण बाक मात्र हलता कामा नये.

सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या त्या लाखांत माझी बायको कुठल्या रकान्यात आहे?"

 आम्ही परत आलो.

चार दिवसांनी सिस्टर एकट्या निघाल्या. माझ्यात कुप्या होत्या, कारण पुढे बऱ्याच म्हाताऱ्यांना घरोघरी जाऊन डोस द्यायचे होते. शाळेच्या फाटकाशी त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की स्कूटरचं इंजिन थंड झालं. मग आत गेल्या.

काका अंगणातच होते. मला बघून म्हणाले, "परत आणलीत ती पेटी?"

"तुमच्यासाठी नाही आणली. पुढे जायचंय." सिस्टर एका बाकावर बसल्या, मला खाली जमिनीवर ठेवलं. "काका, मला एक सांगायचंय. मधे काही बोलू नका, नाहीतर माझ्याच्याने सांगून होणार नाही."

काका स्क्रू ड्रायव्हर हातात धरून थांबले.

"काकू त्या दिवशी सुई घ्यायच्या आधी मला म्हणाल्या होत्या की सकाळपासून घसा धरलाय. मी ऐकलं होतं. मी म्हटलं, धुळीने होतं."

सिस्टर खाली माझ्याकडे बघत बोलत होत्या.

"लशीने त्या गेल्या नाहीत, काका. आजार आधीच अंगात होता. लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात, एका दिवसात ती कुणाला वाचवत नाही. पण मी त्यांना तिथूनच तपासायला पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. आणि वर सांगितलं, ताप येईल, घाबरू नका. तुम्ही माझ्या शब्दावर चार दिवस थांबलात. ते चार दिवस मिळाले असते तर कदाचित... कदाचितच म्हणते, नक्की नाही म्हणत."

"का नाही पाठवलं?" काकांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"कुपीत एक डोस उरला होता. वेळ संपत आली होती. फेकवेना. आणि मी दमले होते."

"एवढ्याशा औषधासाठी."

"हो."

काकांनी स्क्रू ड्रायव्हर बाकावर ठेवला. मग म्हणाले, "चार महिने मी स्वतःला खातोय. ती नको म्हणत होती, टाकीचं काम अर्धं राहिलंय म्हणाली. मीच म्हणालो, जा, सिस्टर बोलावतायत, असा नंबर परत लागायचा नाही. मीच पाठवलं तिला." ते उठून उभे राहिले. "उठा सिस्टर. मला तुमच्यावर ओरडता येत नाही आणि तुम्ही समोर बसलेल्याही बघवत नाहीत. उठा."

सिस्टर उठल्या आणि चालू लागल्या. डोळ्यांवरचा चष्मा त्यांनी हातात घेतला होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मला विसरल्या.

मी अंगणात पडून राहिले. दुपार वर येत होती. बाकाची सावली हळूहळू सरकली आणि ऊन माझ्या झाकणावर आलं. पोटात सहा कुप्या होत्या. मला ओरडता येत नाही, हे तेव्हा जितकं टोचलं तितकं कधी टोचलं नव्हतं.

काका पायरीवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला लाथ मारली असती तर मला नवल वाटलं नसतं, रागही आला नसता. त्या दिवशीची ती कुपी माझ्याच गादीत खोचलेली होती. ते उठले, माझ्यापाशी आले, पट्ट्याला हात घातला.  त्यांनी मला उचललं आणि पाण्याच्या टाकीमागे, जिथे दिवसभर ऊन येत नाही, तिथे नेऊन ठेवलं. झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं.

थोड्या वेळाने सिस्टर धावत आल्या. काकांनी टाकीकडे बोट दाखवलं. "सावलीत ठेवलीय," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.

पुढच्या रविवारी शाळेच्या अंगणात पालकांची बैठक झाली. मोठ्या बाईंनी एकेक बाक लांब लांब मांडून घेतले होते. आम्हालाही बोलावलं होतं. मी, सिस्टर आणि केंद्रात नुकतीच लागलेली धाकटी सिस्टर. ज्याला घ्यायची असेल त्याला तिथेच लस.

बाई बोलल्या, डॉक्टर बोलले. मग मागून एक गृहस्थ उठले. "आकडे राहू द्या हो. या शाळेतल्याच काकूंचं काय झालं ते आम्ही बघितलंय. तुम्ही आमची मुलं मागताय."

माना हलल्या. सिस्टर उठायला लागल्या होत्या, तेवढ्यात भिंतीला टेकून उभे असलेले काका पुढे आले. बोलायची सवय नसलेला माणूस. 

"माझ्या बायकोला लशीने नाही नेलं," ते म्हणाले. "तिला आजार झाला होता. आम्हाला वाटलं लशीचा ताप. चार दिवस बसून राहिलो. चूक झाली. कुणाकुणाची झाली ते मला माहीत आहे, ज्यांची झाली त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलंय. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो माझा मी बघेन. पण तुमच्या भीतीला तिचं नाव लावू नका. ती दर आठवड्याला टाकी घासायची या पोरांसाठी. तिच्या नावाने शाळा बंद राहिली, तर मला तिला तोंड दाखवता येणार नाही."

 काकांनी शर्टाची बाही वर केली आणि आमच्या टेबलाशी येऊन बसले. सिस्टरनी कुपी उचलली, सिरिंज भरली. काकांनी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "यांच्या हातून नको."

सिस्टरनी भरलेली सिरिंज धाकट्या सिस्टरच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकल्या. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. दुखावल्यासारखा नव्हता. खूप लांब चालून आलेलं माणूस ओझं खाली ठेवतं, तसा होता.

त्या दिवशी चव्वेचाळीस डोस गेले. महिन्याभराने शाळा उघडली. एक दिवस निम्मी मुलं, दुसऱ्या दिवशी उरलेली. सगळे मास्क लावून. पहिल्या दिवशी दुसरीतली मुलं आपला वर्ग कुठला ते माहीत नसल्याने अंगणातच उभी राहिली, आणि मोठ्या बाई एकेकाला हात धरून आत नेत होत्या. आठवीतल्या सहांपैकी चार मुली आल्या. उरलेल्या दोघींचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गोड झालं. तसं नसतं.

सहा आठवड्यांत गणिताच्या सरांना आजार झाला. दोन्ही डोस घेतलेले सर. त्यांच्या मागोमाग सातवीतल्या तीन मुलांना. शाळेच्या फाटकाशी परत गर्दी जमली. "मग लशीचा उपयोग काय? दोन-दोन सुया घेऊनही आजारी पडतात, तर ती घ्यायची कशाला?"

त्या दिवशी सिस्टर मला घेऊन परस्पर घरी गेल्या. साथ सुरू झाल्यापासून त्या अंगणातल्या खोलीत वेगळ्या राहत. त्यांची लेक नववीत, त्याच शाळेत. ती दारात पायरीवर बसली होती.

"आई, तुझी लस चालते ना गं?" तिने विचारलं.

सिस्टरनी मला खाली ठेवलं. "चालते."

"मग सरांना कसं झालं?"

"चालते म्हणजे आजार होणारच नाही असं नाही. कमी जणांना होतो. आणि झाला तर जिवावर बेतायची शक्यता पुष्कळ कमी. पण शंभरातल्या शंभरांना वाचवते, असं मी म्हणणार नाही. आधी कुणाला तसं म्हटलं असेल तर ते चुकीचं होतं."

"असं सांगितलंस तर लोक घेणार नाहीत."

"नाही घेतली तर परत जाऊन परत सांगेन." सिस्टर चपला काढत म्हणाल्या. "पण खोटं सांगून घ्यायला लावली, तर दुसऱ्यांदा कोण माझं ऐकेल?"

लेक पायरीवर जरा सरकून बसली. मग म्हणाली, "उद्या शाळा आहे का?"

"सातवीचा वर्ग आठ दिवस बंद. बाकी आहे."

"मग मला गणित कोण शिकवणार?"

सिस्टर हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या.

सर घरीच राहून बरे झाले. तीन मुलंही बरी झाली. दहाव्या दिवशी सर परत आले, आवाज बसलेला, जिना चढताना दोनदा थांबले. काही पालकांनी ते बघितलं आणि आजार होऊनही सर परत आले, एवढं समजले. काहींनी तरीही मुलं पाठवली नाहीत.

त्या काळात सिस्टरनी आपलं वाक्य बदललं. आता त्या म्हणत, "ताप येईल. बहुतेक लशीचाच असेल. पण सुईच्या आधी काही होत असेल तर आत्ताच सांगा. आणि तिसऱ्या दिवशीही ताप असला, तर थांबायचं नाही, माझ्याकडे यायचं." आणि नुसतं सांगून थांबत नसत. वहीत नावं लिहून घेत आणि तिसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारत. रोज तीस-चाळीस घरं. गुडघे सुजायचे. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे तुमच्या कामात येत नाही." त्या म्हणाल्या, "येतं." वही भरली की दुसरी काढत.

काकांनी दुसरा डोसही त्यांच्या हातून घेतला नाही. दुसऱ्या केंद्रावर जाऊन घेऊन आले. सिस्टरना ते नोंदीत दिसलं. 

पण एके दिवशी सकाळी काका एका बाईला घेऊन केंद्राच्या दारात उभे राहिले. शाळेतल्या कुणाची तरी आई. चेहरा उतरलेला, भिंतीला धरून उभी. काका रोज फाटकाशी मुलांना विचारायचे, घरी कुणाला ताप आहे का, किती दिवस झाले. एका मुलीने सांगितलं, आईला आहे, पण लशीचा आहे. काका तसेच फाटक सोडून तिच्या घरी गेले होते.

"तिसरा दिवस," काका सिस्टरना म्हणाले.

एवढंच बोलले आणि वळून निघून गेले. त्या बाईला त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. दोन आठवड्यांनी ती चालत घरी आली.

त्यानंतर काकांनी आणखी पाच जणांना आणलं. दर वेळी तेच दोन शब्द. "तिसरा दिवस." नाहीतर, "चौथा आहे, घाई करा." कधी 'कशा आहात' नाही, कधी 'येतो' नाही. माफी म्हणतात ती हीच का, मला माहीत नाही. मला वाटतं, नसावी. काही गोष्टी माफ होत नाहीत, पण त्यांच्या शेजारी उभं राहून काम करता येतं. त्या दोघांनी तेवढं केलं.

आता साथ ओसरलीय. शाळेत पूर्ण वर्ग भरतात. मधल्या सुट्टीचा गलका इथपर्यंत येतो.

माझं म्हणाल तर माझं झाकण आता नीट बसत नाही. खालच्या कोपऱ्याला तडा गेलाय, आतला फेस ओला होतो, बर्फ दुपारपर्यंतही टिकत नाही. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. यंदाचा तपासणारा माझ्या पोटातला पारा बघून काहीच म्हणाला नाही, नुसती फुली मारली. आज सिस्टर मला सामानाच्या खोलीत जमा करायला घेऊन आल्यात. सामान बघणारे गृहस्थ जेवायला गेलेत. ते आले की कागदावर दोन सह्या होतील, माझ्या अंगावर मार्करने 'निकामी' लिहितील आणि मला इतर मोडक्या पेट्यांवर रचतील.

सिस्टर मला मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. भिंतीला डोकं टेकलं आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. चष्मा नाकावरून घसरलाय. एक हात अजून माझ्या पट्ट्यात अडकलेला आहे. अशी भर दुपारी झोप लागलेली मी त्यांना कधी पाहिली नव्हती.

मला काही नको. भंगारात गेले तरी चालेल, माझं काम झालंय. एक विनंती तेवढी करते. ते गृहस्थ जेवून येताना दिसले तर त्यांना दारातच थांबवा. म्हणावं, सह्या काय, नंतरही होतील. अजून थोडा वेळ सिस्टरना उठवू नका.